दोघांत एक रिपोर्ट

१ जानेवारी २०२४. पहाटे ५.१०

उठलो. नवीन वर्ष, नवीन वही. वही संयोगिता मॅडमनी दिली. मॅडम म्हणजे उचगावात पिठाच्या गिरणीच्या वर जे पाहणीचं सेंटर आहे, तिथल्या. सुईनं नशा करणाऱ्या माणसांची तब्येत दहा वर्षांत कुठं जाते, एचआयव्ही कुणाला होतो आणि कुणाला होत नाही, याची ती पाहणी. दर सहा महिन्यांनी, जून आणि डिसेंबरात, बोलावतात. वजन, बीपी, रक्त, शंभर प्रश्न आणि शेवटी एक केळं, एक उकडलेलं अंडं. माझा, म्हणजे आकारामचा, नंबर ३१. केरबाचा ३२.

मी तिथं कसा, असा प्रश्न कुणाला पडायला नको. मी नशा करत नाही. मी पैलवान आहे. दम वाढायला इंजेक्शन घेतो, ते वेगळं. रोज घेणारे ते नशेबाज. मी सोमवार, बुधवार, शुक्रवार घेतो. आणि शनिवारी, कारण शनिवार मारुतीचा. पाहणीत एखादा तंदुरुस्त माणूस पण लागतोच की, फरक कळायला. मॅडम तसं तोंडानं बोलल्या नाहीत, पण माझे दंड बघून समजल्या असणार.

वहीच्या प्रत्येक पानाखाली तीन प्रश्न छापलेत. आज सुई घेतली का? किती जणांत एक? पहिला कोण? पुढं रिकामी जागा. मॅडम म्हणाल्या, वही कुणीही वाचणार नाही, मी पण नाही, तुमचं तुम्हाला दिसावं म्हणून लिहा. मला दिसायला काय झालंय, अजून चष्मा नाही. ते तीन प्रश्न सोडून बाकी सगळं लिहायचं ठरवलं आहे. आणि शुद्ध लिहायचं. शाळेत हस्ताक्षरात दुसरा नंबर होता.

संकल्प. पाडव्यानंतरच्या जत्रेत मैदान मारायचं. वय सदतीस असलं तरी अंग पंचविशीचं आहे. रोज पाचशे जोर, हजार बैठका. इंजेक्शन संक्रांतीपासून बंद. आजपासूनच केलं असतं, पण कपाटात दोन शिल्लक आहेत आणि वस्तू वाया घालवणं माझ्या रक्तात नाही.

१ जानेवारी. सकाळी ७

जोर बावीस. थंडी फार आहे.

५ जानेवारी

केरबाबद्दल लिहायचं राहिलं. केरबा माझा जोड. तालमीत मी दोन वर्षांनी सीनियर. पंधरा वर्षं एका पातेल्यात थंडाई घोटली, एका ताटात जेवलो, एकमेकांना मातीत लोळवलं. आता तो उचगावात फौंड्रीत आहे, मी शिवाजी पेठेत म्हशी सांभाळतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध देतो. पण जोड तुटलेली नाही. त्यामुळं इंजेक्शनलाही सुई एकच. आधी मी, मग तो. तालमीचा रिवाजच आहे, थोरल्याचा पहिला मान. थंडाईचा पहिला पेला माझा, मालीश पहिलं माझं. केरबानं माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या सुईला आयुष्यात हात लावलेला नाही. लाजाळू गडी. बायको क्रांती सोडली तर जगात कुणाशी दोन शब्द जास्त बोलत नाही.

आज तो सेंटरवरून डिसेंबरचा रिपोर्ट घेऊन आला. एचआयव्ही नाही. क्लीन! मी डिसेंबरला सेंटरवर गेलतो, वजन दिलं, वही घेतली, अंडं खाल्लं. रक्त तेवढं राहिलं. म्हशीची वेळ झाली होती. त्याच्या आधीच्या जूनला पण राहिलं होतं. मॅडमनी फार मनाला लावून घेतलंय. पण मी काय म्हणतो, गरजच काय? केरबाचा रिपोर्ट क्लीन आहे. आम्ही एका सुईची माणसं. त्याचं क्लीन म्हणजे माझं क्लीन. शितावरून भाताची परीक्षा. सगळा भात चिवडत बसतंय का कोण?

मॅडमना हे फोनवर समजावून सांगितलं. ऐकून त्यांनी फोन ठेवला. पटलं असावं.

१५ जानेवारी. संक्रांत

आज इंजेक्शन बंद करायचा दिवस. पण सणाच्या दिवशी काही सुरू करावं, बंद करू नये, असं मला वाटतं. तिळगूळ खाल्ला. बाकीचंही घेतलं. आता महिनाअखेर.

२७ जानेवारी

डाव्या दंडावर लिंबाएवढी गाठ. लाल, गरम. डास चावला असणार.

आई म्हणाली, डॉक्टरला दाखव. मी हसलो. माझ्याकडं तालमीच्या हौदातल्या मातीची पुडी असते. त्या मातीत हळद, ताक, तेल, लिंबू सगळं मुरलेलं असतं. एवढी औषधं एका मेडिकलच्या दुकानात मिळत नाहीत. तांबड्या मातीत लोळलेल्या अंगाला रोग शिवत नाही, हे वस्तादांचं वाक्य आहे. वस्ताद साठीत गेले, पण ते वेगळ्या कारणानं.

माती लावली. झोपलो.

१ फेब्रुवारी

गाठ आंब्याएवढी.

२ फेब्रुवारी

केरबानं मोटारसायकलवर घालून सेंटरवर नेलं. नर्सबाईंनी चिरा देऊन सगळं काढलं. मी ओरडलो नाही. खालच्या गिरणीवाल्यानं कुणी ओरडलं का म्हणून वर येऊन विचारलं, त्यानं दुसरं काहीतरी ऐकलं असणार. मातीनं निम्मं काम आधीच केलं होतं, म्हणून लवकर झालं.

मॅडमनी ती संधी साधली. म्हणाल्या, आलाच आहात तर थेंबभर रक्त द्या. मी म्हटलं, जेवून आलोय. म्हणाल्या, चालतंय. म्हटलं, मग उपाशी असतो तर? म्हणाल्या, तरी चालतंय. फार तयारीची बाई. मी म्हटलं, आज शुक्रवार. शुक्रवारी रक्त काढलेलं आईला आवडत नाही. नव्या कोऱ्या सुयांची एक पिशवी दिली, ज्याची त्यानं स्वतंत्र वापरायची म्हणून. घेतली. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

वजन शहाऐंशी. गिरणीच्या इमारतीतला काटा, पिठानं जड चालत असेल. म्हणजे हलका. काहीतरी असेल.

१८ फेब्रुवारी. चंदगडहून येताना, एसटीत

अक्षर हलतंय त्याला इलाज नाही.

चंदगडकडच्या एका गावात जत्रेचं मैदान होतं. वातावरण बघायला गेलतो. मंडपाच्या मागं पाच पैलवान भेटले, कुठल्या कुठल्या गावचे. दिलदार माणसं. ओळख ना पाळख, पण पावणं पावणं म्हणून हाताला धरून बसवलं. त्यांच्यात एकच सुई फिरत होती. म्हणाले, कोल्हापूरचं पावणं, घेतल्याशिवाय सोडत न्हाय. माझा नंबर सगळ्यात शेवटी आला. कोल्हापुरात मला पहिला मान असतो हे त्यांना कुठं माहीत. जरा वाईट वाटलं, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मग अंगात असा दम आला की थेट मैदानात उडी. नारळावरची कुस्ती लागली. समोर कोवळा गडी. मी त्याला सुरुवातीला जरा खेळवायचं ठरवलं होतं. पंचांनी घाई केली. चाळीस सेकंद म्हणजे काय कुस्ती असते का?

नारळ त्यानं नेला. आईला सांगायचं, देवाला वाढवला.

२१ फेब्रुवारी

केरबा आला. त्याला मैदानाची सगळी हकीकत सांगितली, निकाल सोडून. मग नेहमीचं. आधी मी, मग तो.

८ मार्च

ताप. घसा धरलाय, अंगावर पुरळ. हवा बदलली आहे.

१० मार्च

अजून ताप. केरबा फौंड्रीतून थेट आला, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, म्हशींच्या धारा काढल्या. त्याला धार काढता येत नाही. म्हशीनं लाथ मारली. मला न सांगता पुन्हा बसला.

१९ मार्च

बरा झालो. तालमीतलं अंग. ताप आला तसा गेला.

आज एक वाईट गोष्ट झाली. केरबा आला आणि त्यानं खिशातून दोन पाकिटं काढली. नव्या सुया. एक माझ्यापुढं ठेवली, एक स्वतःपुढं. म्हणाला, मॅडम म्हणत्यात, ज्याची त्याची वेगळी घ्यावी. आपण बी तसं करूया आका.

पंधरा वर्षं! उद्या ताट वेगळं म्हणेल, परवा म्हणेल आका तुझं पाणी वेगळं ठेव. मी म्हटलं, मी तुला परका झालो का? माझ्या अंगाची किळस आली का? तो म्हणाला, तसं न्हाय रं. म्हटलं, मग कसं? त्याला कधीच काही सांगता येत नाही.

मी उठून गोठ्यात गेलो.

२० मार्च

केरबाशी बोलायचं नाही.

२१ मार्च

त्याचा फोन आला. उचलला नाही. दोनदा आला. नंतर आला नाही, याचाही राग आला.

२३ मार्च

केरबा आला. बोटांनी गमज्याचं टोक पिळत उभा राहिला. म्हणाला, जाऊ दे आका. तुझ्याबरोबर विषबी पचतंय मला. एकच काढ.

डोळ्यात पाणी आलं माझ्या. दोस्ती म्हणायची तर ही. आधी मी, मग तो.

नवी पाकिटं वाया घालवली नाहीत. सुई काढून टाकली की रेडकाला औषध पाजायला नळी झकास चालते.

९ एप्रिल. पाडवा

मैदानासाठी नाव द्यायची आज शेवटची तारीख. दिलं नाही. विचार केला, माझ्यासारख्यानं उतरून पोरांचं नुकसान कशाला करा. पुढच्या वर्षी.

इंजेक्शन आजपासून बंद करणार होतो. पण मैदानच नाही तर घाई पण नाही.

१२ जून. सेंटरचा दिवस

गेलो नाही. आकाशात ढग होते. केरबाला सांगितलं, तुझं दे, माझंही त्यातच धरायला सांग, आणि ३१ चं वजन अठ्ठ्याऐंशी लिही म्हणावं. मॅडमनी लिहिलं नाही. फोन करून म्हणाल्या, आकाराम, एका माणसाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही, ही पाहणी आहे. मी म्हटलं, आमच्यात येतं.

केरबानं स्वतःच्या वाट्याचं अंडं कागदात गुंडाळून माझ्यासाठी आणलं. निम्मं निम्मं केलं. पहिला घास माझा.

२० जून

केरबाचा रिपोर्ट आला. क्लीन!! म्हणजे मी पण क्लीन. स्वतःचं अभिनंदन केलं. लोक उगाच घाबरतात. तांबडी माती, म्हशीचं दूध आणि खात्रीचा दोस्त, एवढं असलं की एचआयव्ही दारातून परत जातो.

या आनंदात इंजेक्शन बंद करायचा विचार पक्का केला. पंधरा ऑगस्टपासून.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला जाऊन आलो. बाकी जमलं नाही.

२६ ऑगस्ट

तोंड आलंय. जिभेवर पांढरा थर. परवाची मिसळ तिखट होती.

वजन एकोणऐंशी. आईनं पैजामे आत घेतले. म्हणाली, आक्या, तुझ्या अंगाला झालंय तरी काय? मी म्हटलं, चरबी गेली, आता राहिलंय ते निव्वळ पोलाद. रात्री माझ्या दुधात तिच्या वाटणीचं तूप होतं.

१९ सप्टेंबर. संध्याकाळी

मॅडम कट्ट्यावर आल्या. एकट्याच, स्कूटरवर. मी समोर धार काढून फेसाळ पेला दिला. चांगलं दूध प्यायलेलं माणूस भांडत नाही, हा माझा अनुभव आहे. त्यांनी पण भांडण केलं नाही. म्हणाल्या, आकाराम, तुमचं रक्त तपासून पावणेदोन वर्षं झाली. घाबरला आहात का?

मी? मी हसलो. म्हशीनं पण मान वर केली. मग मी त्यांना शिताची गोष्ट पुन्हा नीट समजावली. त्या म्हणाल्या, शितावरून भात कळतो, कारण सगळा भात एकाच वेळी शिजतो. माणसं तशी नाहीत. आज एकाला झालेलं दुसऱ्याला सहा महिन्यांनी होऊ शकतं, किंवा होणारही नाही. मग विचारलं, तुमच्यात पहिला कोण घेतो?

म्हटलं, हा काय प्रश्न झाला, मीच. सीनियर. त्या म्हणाल्या, आणि केरबा तुमच्यानंतर? म्हटलं, कायम. त्या म्हणाल्या, मग त्याची काळजी वाटत नाही? म्हटलं, त्याची काय काळजी मॅडम, त्याच्या आधी मी आहे ना उभा.

मॅडमनी पेला खाली ठेवला. निम्मं दूध तसंच. हुशार बाई आहे, पण तालमीत गेलेली नाही. काही गोष्टी पुस्तकात नसतात.

राहिलेलं दूध मांजराला घातलं.

१ नोव्हेंबर. दिवाळी

अभ्यंगस्नान. पाडव्यापासून संकल्प नवीन: मैदान सोडायचं, वस्ताद व्हायचं. अनुभव आहे, आवाज आहे. शिष्य मिळाले की इंजेक्शन आपोआप बंद, शिष्यांसमोर बरं दिसत नाही. शिष्य शोधायला सुरुवात जानेवारीपासून.

११ डिसेंबर. सेंटरचा दिवस

केरबा गेला. मी उद्या जाणार. आज अंगात कसर आहे.

१३ डिसेंबर

काल म्हशीला बरं नव्हतं. केरबाला सेंटरवर परत बोलावलं आणि पुन्हा रक्त घेतलं, असं तो म्हणाला. मी म्हटलं, तुझं रक्त आवडलं असेल त्यांना. तो हसला नाही.

१६ डिसेंबर. सायंकाळी ६

केरबा कट्ट्यावर आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला. मग म्हणाला, आका, मला झालंय.

म्हटलं, काय झालंय?

म्हणाला, एचआयव्ही. तीनदा तपासलं.

मी त्याला तिथल्या तिथं सांगितलं, मशीन बिघडलं असणार. खाली गिरणी, दिवसभर पीठ उडतं, मशीनमध्ये जात नसेल? किंवा ३१ आणि ३२ च्या बाटल्या बदलल्या असतील. आणि मग आठवलं, ३१ ची बाटलीच नाही.

तो म्हणाला, गोळी सुरू करत्यात. रोज एक. सरकारी दवाखान्यात फुकट. मॅडम म्हणाल्या, घेत राहिलास तर म्हातारा होशील. मग म्हणाला, आका, तुझं बी बघून घे.

म्हटलं, माझं कशाला? प्रत्येकाचं रक्त वेगळं. आपला ब्लड ग्रुप पण वेगळा. एकाच्या रिपोर्टवरून दुसऱ्याचं ठरवणं हा अडाणीपणा आहे.

हे मी म्हणालो. लिहिताना आठवतंय की जूनमध्ये मी वेगळं म्हणालो होतो. पण तेव्हा परिस्थिती वेगळी होती.

१७ डिसेंबर

क्रांती आली. केरबाची बायको. आई चहा टाकते म्हणाली, ती नको म्हणाली. तिचं रक्त तपासलं, तिला काही नाही, असं तिनं उभ्या उभ्याच सांगितलं. मग म्हणाली, भावजी, ह्यो माणूस तुमच्याशिवाय कुणाच्या सुईला शिवला न्हाय. मग आलं कुठनं, तेवढं सांगा.

म्हटलं, फौंड्रीत हवा वाईट असते. धूळ असते. डास असतात. ती म्हणाली, डासानं हुतंय व्हय? मग त्योच डास मला का चावला न्हाय, एका खोलीत झोपतोय की आम्ही.

ती दारात वळली आणि म्हणाली, मार्चात त्यानं दोन पाकिटं आणलती. मीच खिशात घातलती त्याच्या. परत आला तवा खुळ्यागत हसत हुता. म्हणला, आकाला वाईट वाटलं, म्हणून ऱ्हाऊ दिलं.

गेली. चहा आईनं गाळलाच होता. तो मी पण घेतला नाही.

१८ डिसेंबर

तपास हाती घेतला. केरबाला कुठून आलं हे शोधून काढायचंच. दोस्त म्हणून माझं कर्तव्य आहे.

न्हाव्याकडं गेलो. तो म्हणाला, नवीन ब्लेड टाकतो, आणि केरबा चार वर्षं घरीच दाढी करतो. दातवाल्याकडं केरबा कधी गेलेला नाही. रक्त चढवलेलं नाही. गोंदवून घेतलेलं नाही. फौंड्रीतल्या माणसांना आडून विचारलं की केरबा कुणाबरोबर सुई घेतो का. ते म्हणाले, त्यो डबा बी आमच्यात बसून खात न्हाय, सुई कुठली. संध्याकाळपर्यंत कागदावर संशयितांची यादी केली.

यादीत एक नाव आहे.

१९ डिसेंबर

यादी फाडली. चूक पद्धतीनं केली होती.

दिवसभर म्हशी धुतल्या. त्या आधीच धुतलेल्या होत्या.

२० डिसेंबर. पहाटे

चंदगड. मंडपाच्या मागं. पाच जण. मी शेवटचा.

झोप न्हाय आली. नंतर ताप आलता मला. हवा बदलली म्हणून लिवलंय मी. मागं जाऊन वाचलं. खरंच तसंच लिवलंय.

२० डिसेंबर. दुपारी

केरबा आला. मोटारसायकल बंद न करता दारातच म्हणाला, बस मागं. मी म्हटलं, आज शुक्रवार. तो म्हणाला, बस.

पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला हुकूम केला. बसलो.

रक्त देताना त्यानं माझा हात धरला. सुई नवी होती, पाकीट माझ्यासमोर फोडलं. मी दुसरीकडं बघितलं. भीती सुईची न्हवती. सुईची भीती मला कशाला वाटंल?

अर्ध्या तासानं मॅडमनी आत बोलावलं. खुर्ची जवळ ओढून बसल्या, तेव्हाच कळलं. सेंटरचे डॉक्टर पण तिथंच होते, म्हणाले, अंगात येऊन बरेच महिने झालेले दिसतात, गोळी लगेच सुरू करू. जिभेवरचं पांढरं मी त्यांना दाखवलं. ते त्याच्यातलंच. मिसळीचं न्हवं. म्हणाले, वेळेत आलात असं म्हणता येत नाही, पण उशीर पण झालेला नाही. वजन येईल, दम येईल, इंजेक्शन मात्र सुटलं पाहिजे, छाती धडधडते ती त्यानंच. त्यालाही इलाज आहे म्हणाले. मी मान हलवत राहिलो.

सगळे गेल्यावर मॅडमना विचारलं. माझ्यापासनं त्याला? त्या म्हणाल्या, कागदावरून तसं नक्की सांगता येत नाही, आणि ते शोधणं आमचं काम पण नाही. मी म्हटलं, मॅडम, पण त्यो माझ्याशिवाय कुणाच्या... त्यांनी पाण्याचा ग्लास दिला. रडलो. वहीत लिहायला हरकत नाही, कुणी वाचत नाही. खालची गिरणी चालू होती, त्यामुळं कुणाला ऐकू गेलं नसावं.

बाहेर आलो तर केरबा बाकावर. माझं तोंड बघून त्याला कळलं. मी म्हटलं, केरबा, चंदगडला मी... त्यानं हात वर केला. म्हणाला, मला ठावं हाय. क्रांतीनं परवाच हिशोब लावला. मी म्हटलं, मग तू मला इथं आणलास कशाला? म्हणाला, मग काय मरू दिऊ व्हय तुला? पंधरा वरसं झाली की.

रागावला असता तर बरं झालं असतं. चार शिव्या दिल्या असत्या, मातीत घालून तुडवला असता, तरी चाललं असतं.

सेंटरवाल्यांनी दोघांना केळं आणि अंडं दिलं. त्यानं त्याचं अंडं सोललं, निम्मं केलं आणि सवयीनं माझ्यापुढं धरलं. म्हणाला, घे, पयला मान तुझा.

खाल्लं न्हाय मी. खाताच येईना.

२१ डिसेंबर २०२४. पहाटे ५.१०

गोळी चालू झाली. केरबाची पण. त्याला आठला फोन करून आठवण करून द्यायचं ठरलंय.

जोर न्हाय, बैठका न्हाय. संकल्प काही लिहीत नाही.

वही पहिल्यापासून उघडली. प्रत्येक पानाखाली ते तीन प्रश्न रिकामे आहेत. पेन घेतला. वर्षभराची पानं आहेत, आज होतील तेवढी भरतो.

एकवीस फेब्रुवारी. आज सुई घेतली का? व्हय. किती जणांत एक? दोघांत. पहिला कोण? मी.

तेवीस मार्च. आज सुई घेतली का? व्हय. किती जणांत एक? दोघांत. नवी दोन पाकिटं समोर होती. पहिला कोण?

मी.